वाटखर्चीची तरतूद

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने २०१२ साली महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी 'धनशक्ती' नावाचा बाजरीचा जो वाण प्रसारित झाला, आणि दाण्यात लोहाचे प्रमाण नेहमीच्या बाजरीहून अधिक असल्यामुळे पुढे दोनच वर्षांनी जो सर्व देशासाठी मान्य करण्यात आला, त्या वाणाचे मूळ कूळ पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागात आहे, ही गोष्ट पारनेर-संगमनेरकडे बाजरी पेरणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु विद्यापीठांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ती अवश्य ठाऊक असावयास हवी. टोगो, घाना, बेनिन आणि बुर्किना फासो या देशांना जोडणाऱ्या पट्ट्यात 'इनियादी' नावाची, लवकर पिकणारी आणि टपोऱ्या दाण्याची बाजरी पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी त्या कुळातून निवड करीत करीत 'आयसीटीपी ८२०३' हा वाण सिद्ध केला. तो १९८८ साली महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश या राज्यांसाठी प्रसारित झाला. आणि त्याच वाणातून अधिक लोहाची रोपे वेचून 'धनशक्ती' निघाला. बियाण्याची पुडी आपल्या पायांनी चालत येत नाही. कोणीतरी त्या मुलखात गेलेले असते, तेथल्या शेतकऱ्याच्या अंगणात बसून कणसे हाताळलेली असतात, तेथल्या कृषिसंशोधकाशी स्नेह जोडलेला असतो, आणि या सगळ्याच्या आधी कोणत्या तरी कार्यालयात त्या माणसाच्या प्रवासखर्चाला मंजुरी मिळालेली असते. या लेखाचा विषय ती मंजुरी हा आहे.

दोन विद्यापीठांमधील संशोधन-सहकार्याचा विचार निघाला म्हणजे आपल्याकडे प्रथम सामंजस्य कराराचा मसुदा तयार होतो, उभय कुलगुरूंच्या स्वाक्षऱ्या होतात, समारंभाचे छायाचित्र वृत्तपत्रात येते, आणि करारपत्र दफ्तरी दाखल होऊन मुदत संपेपर्यंत बहुधा तेथेच पडून राहते. याचा दोष कोणाच्या अनास्थेकडे जातो असे मला वाटत नाही. ज्या एका गोष्टीवाचून करार जिवंत होत नाही, ती माणसांच्या जाण्यायेण्याची तजवीज त्यात केलेली नसते, एवढेच त्याचे कारण आहे. संशोधनाचा प्रश्न दोघांचा मिळून एक व्हावा लागतो. तो एक होण्यासाठी दोघांनी एकमेकांची प्रयोगशाळा, ग्रंथालय, रुग्णालय किंवा शेत प्रत्यक्ष पाहावे लागते. आणि आफ्रिकेच्या बाबतीत ही गरज अधिकच तीव्र आहे, कारण युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांची माहिती आपल्या प्राध्यापकांना विद्यार्थिदशेपासून असते, पण कंपाला, इबादान किंवा अदिस अबाबा येथील समव्यवसायी काय करीत आहेत याची खबर आपल्याला क्वचितच असते. वास्तविक मुंबईहून नैरोबी हे लंडनपेक्षा पुष्कळ जवळ आहे. विमानाने जेमतेम सहा तासांचा रस्ता आहे.

एखादा प्रवास किती दूरवर फळतो याचे मला ज्ञात असलेले सर्वांत बोलके उदाहरण ज्वारीच्या संशोधनातले आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात पर्ड्यू नावाचे विद्यापीठ आहे; तेथील जॉन अ‍ॅक्स्टेल हे ज्वारीचे नामांकित संशोधक १९७३ साली ज्वारीचे नमुने गोळा करण्याच्या कामी इथिओपियात होते. अलेमाया येथील कृषी महाविद्यालयातील एका अध्यापकाने आपल्या गेबिसा एजेटा नावाच्या विद्यार्थ्याची त्यांच्याशी गाठ घालून दिली, आणि नमुने गोळा करण्याच्या कामात हा तरुण त्यांचा मदतनीस झाला. त्याची समज पाहून अ‍ॅक्स्टेल यांनी त्याला पर्ड्यूस उच्च शिक्षणासाठी बोलावले. १९७८ साली त्याने तेथे डॉक्टरेट मिळविली, नंतर इक्रिसॅटच्या वतीने सूदानमध्ये काम केले, आणि १९८३ साली त्याच्या प्रयत्नांतून 'हागीन दुरा-१' हा अवर्षणास तोंड देणारा संकरित ज्वारीचा वाण सूदानच्या शेतकऱ्यांच्या हाती पडला. आफ्रिकेत व्यापारी प्रमाणावर पसरलेला ज्वारीचा पहिला संकरित वाण म्हणून त्याची गणना होते. पुढे पर्ड्यूचेच प्राध्यापक झालेल्या एजेटा यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अ‍ॅक्स्टेल यांच्या त्या दौऱ्याच्या खर्चाचा तपशील लिहिताना 'एक होतकरू विद्यार्थी भेटणे' असे उद्दिष्ट कोणी लिहू शकले नसते; आणि तरीही त्या दौऱ्याची सर्वांत मोठी कमाई तीच ठरली.

एजेटा यांच्या पुढील कामाविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण त्याचा आपल्या शेतीशी निकटचा संबंध आहे. ज्वारीच्या आणि उसाच्या पिकात शिरणारे टारफुला नावाचे तण आपल्याकडील शेतकरी चांगले ओळखतात. आपल्याकडच्या टारफुल्याची फुले पांढरी असतात. आफ्रिकेतील त्याचा भाऊबंद जांभळट गुलाबी फुलांचा आणि कितीतरी अधिक विध्वंसक आहे. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे बारीक असून एकेका झाडाला ते हजारोंनी धरते, जमिनीत पंधरा-वीस वर्षे निपचित पडून राहू शकते, आणि यजमान पिकाच्या मुळातून झरणारे विशिष्ट रसायन जवळ आल्याखेरीज रुजतच नाही. रुजल्यावर ते त्या मुळाला चिकटून आत शिरते, आणि जमिनीवर त्याचा कोंब दिसेपर्यंत पिकाचे नुकसान होऊन चुकलेले असते. पर्ड्यूमध्ये एजेटा, जीवरसायनशास्त्रज्ञ लॅरी बटलर आणि त्यांचे सहकारी यांनी या रासायनिक संकेताचाच माग काढला. त्यांची एक परीक्षा फारच साधी होती. ओल देऊन रुजण्याजोगे केलेले टारफुल्याचे बी काचेच्या बशीतील आगराच्या पारदर्शक थरात मिसळावयाचे, त्यात ज्वारीचा अंकुरलेला एक दाणा खोचावयाचा, आणि तीन दिवसांनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून ज्वारीच्या मुळापासून किती अंतरापर्यंतचे बी रुजले ते मोजावयाचे. हे अंतर दहा मिलिमीटरहून कमी भरले, तर त्या ज्वारीचे मूळ संकेत फारच थोडा सोडते, म्हणजे टारफुल्याला आमंत्रण देत नाही, असा निष्कर्ष निघे.

परंतु बशीतील निष्कर्ष शेतात टिकतो की नाही हे इंडियानात कळणे शक्य नव्हते, कारण या तणाचा तेथे प्रादुर्भावच नाही आणि ते खुल्या शेतात पेरून पाहण्याची मुभाही नाही. त्यासाठी सूदानमध्ये, इथिओपियात, नायजरमध्ये जावे लागे. तेथील संशोधकांनी हंगामभर शेते राखावी लागत. आणि उभयतांची गाठभेट वरचेवर व्हावी लागे. १९७९ पासून अमेरिकन शासनाच्या 'यूएसएड' या खात्याने ज्वारी-बाजरीच्या संयुक्त संशोधनासाठी 'इंट्सॉर्मिल' नावाची जी योजना चालविली, तिने दीर्घकाळ ही येजा सांभाळली. १९९४ साली टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीचे आठ टन बियाणे पूर्व आफ्रिकेत व अन्यत्र वाटले गेले, त्यामागे हा एवढा मोठा प्रवासाचा इतिहास उभा होता.

देवघेव एकाच दिशेने झाली असेही नाही. भारतातील 'एन-१३' ही जुनी ज्वारी टारफुल्याला मुळात घुसू न देणाऱ्या वाणांपैकी एक आहे. इथिओपियाच्या एका वाणाशी तिचा संकर करून जर्मनीतील व इक्रिसॅटमधील संशोधकांनी या प्रतिकारशक्तीचे गुणसूत्रांवरील ठिकाण निश्चित केले, आणि सूदानच्या संशोधकांनी ती 'ताबत' आणि 'वद अहमद' या आपल्या लाडक्या वाणांत उतरवून २०१२ मध्ये त्या नव्या ज्वाऱ्या शेतकऱ्यांना दिल्या. म्हणजे ज्या वर्षी टोगोचे कूळ सांगणारी बाजरी महाराष्ट्रात प्रसारित झाली, त्याच वर्षी भारताचे कूळ सांगणारी ज्वारी सूदानमध्ये प्रसारित झाली. २०२३ च्या डिसेंबरात सूदानमधील यादवी युद्धाचा वणवा वद मदनी या शहरापर्यंत पोचला तेव्हा तेथील बीजपेढीची नासधूस झाली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सूदानने आपल्या ज्वारीचे काही नमुने नॉर्वेतील स्वालबार्डच्या भूमिगत भांडारात सुरक्षित ठेवले. अशा देशाच्या संशोधकांशी आपला संबंध शांततेच्या काळात जुळलेला असेल तरच संकटाच्या काळात त्यांच्या उपयोगी पडता येते.

इंडियाना राज्याचीच दुसरी हकीकत वैद्यकाची आहे, आणि ती मला पहिलीपेक्षाही विचारप्रवर्तक वाटते. केनियाच्या पश्चिमेकडील उंच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरांवर, एल्डोरेट नावाचे गाव आहे. मका आणि गहू पिकविणाऱ्या या टापूतून जगप्रसिद्ध धावपटू निघाले आहेत. १९८४ साली स्थापन झालेल्या मोई विद्यापीठाने तेथे केनियातील दुसरे वैद्यकीय महाविद्यालय काढावयाचे ठरविले, त्याच सुमारास इंडियाना विद्यापीठातील जो मॅमलिन, रॉबर्ट आइंटर्झ, चार्ल्स केली आणि डेव्हिड व्हॅन रीकेन हे चार वैद्यकीय प्राध्यापक विकसनशील देशातील एखाद्या महाविद्यालयाशी कायमचे नाते जोडण्यासाठी जागेच्या शोधात होते. १९८९ साली दोन्ही विद्यापीठांचा संबंध सुरू झाला. त्या वेळी एल्डोरेटला होते ते एक जिल्हा रुग्णालय. आणि कोणत्याही मोठ्या संशोधन-प्रकल्पाचा तेथे मागमूस नव्हता. इंडियानाने एक निश्चय केला आणि पाळला : आपला एक तरी प्राध्यापक वर्षाचे बारा महिने एल्डोरेटलाच राहील, तेथील डॉक्टरांच्या बरोबरीने वॉर्डात फेरी करील, आणि मोईचे विद्यार्थी व अध्यापकही इंडियानास येत-जात राहतील.

पहिली दहा-बारा वर्षे या संबंधातून नजरेत भरेल असे काही निपजले नाही. विद्यार्थी शिकत होते, प्राध्यापक बदलत होते, प्रवासाची बिले चुकती होत होती. एवढ्यात एचआयव्हीच्या साथीने वॉर्ड भरू लागले. एकेका खाटेवर दोन-दोन रोगी झोपत, आणि औषधे परवडत नसल्यामुळे डॉक्टरांना मृत्यूची नोंद करण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. २००० साली मोईच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचा एक विद्यार्थी याच रोगाने मरणोन्मुख अवस्थेत वॉर्डात पडलेला मॅमलिन यांना आढळला. त्यांनी त्याच्यापुरती औषधे मिळविली. तो बरा झाला आणि पुढे त्याच कार्यात सामील झाला. एकाला वाचविता येते तर इतरांना का नाही, या प्रश्नातून २००१ साली 'अ‍ॅम्पाथ' हा कार्यक्रम उभा राहिला, आणि मोठ्या देणग्या व अमेरिकन शासनाचा एचआयव्ही-निधी त्यानंतर आला. पुढे लाखाहून अधिक रुग्णांवर त्याने उपचार केले. ब्राउन, ड्यूक, टोरंटो, पर्ड्यू अशी विद्यापीठे त्यात सहभागी झाली. औषधांबरोबर अन्नही लागते हे ओळखून रुग्णांसाठी शेते कसली गेली. आणि शोधनिबंधांची संख्या भराभर वाढली. माझ्या मते येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की १९८९ ते २००० या काळातील प्रवासखर्चाचे फलित विचारणारा एखादा लेखापरीक्षक १९९५ साली आला असता, तर त्याला दाखविण्यासारखे फारच थोडे होते. साथ आली तेव्हा परस्परांवर विश्वास असलेली माणसे जागेवर होती, ही त्या खर्चाची फलश्रुती. आणि विश्वास ऐनवेळी निविदा मागवून मिळत नाही.

आफ्रिकेतील पुष्कळ देशांकडे निघालेल्या आपल्या प्राध्यापकाला पारपत्राच्या बरोबरीने आणखी एक कागद जवळ बाळगावा लागतो, तो म्हणजे पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा पिवळा दाखला. तो कागदही अशाच एका प्रवासाचे अपत्य आहे. १९२७ साली आजच्या घानात असिबी नावाच्या एका आफ्रिकी रुग्णाच्या रक्तातून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या संशोधकांनी पीतज्वराचा विषाणू मिळविला. त्या मोहिमेतील एड्रियन स्टोक्स हे संशोधक त्याच वर्षी त्याच रोगाने लागोसला मरण पावले. आणि प्रिटोरियात जन्मलेल्या मॅक्स थायलर यांनी त्याच विषाणूपासून १९३७ साली जी लस तयार केली, तीच आजही टोचली जाते. त्याच प्रतिष्ठानाने १९३६ साली युगांडातील एन्टेबे येथे पीतज्वर-संशोधन संस्था काढली, जेथे १९४७ साली झिका विषाणू प्रथम सापडला. आणि त्याच प्रतिष्ठानाने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले, ज्याला आज आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. पुणे आणि एन्टेबे येथील संस्था या अर्थाने सख्ख्या बहिणी आहेत. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियातील माकोंडे पठारावर एका नव्या तापाची साथ आली, तिला स्थानिक भाषेतील शब्दावरून चिकुनगुन्या हे नाव मिळाले. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला त्याच तापाने लोक अंथरुणाला खिळले. आणि २००५-०६ मध्ये तो पुन्हा महाराष्ट्रात व दक्षिण भारतात पसरला तेव्हा पुण्याच्या तपासणीत तो विषाणू आफ्रिकी वंशाचा निघाला. रोग समुद्र ओलांडून निर्वेध ये-जा करीत असताना त्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या ये-जा करण्याला मात्र प्रत्येक वेळी खास मंजुरी लागावी, ही स्थिती बदलावयास हवी. पुणे-एन्टेबे हा रस्ता अभ्यासकांच्या नित्य वहिवाटीचा झाला पाहिजे.

आता आपल्याकडील नियमांकडे वळू. समजा, मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात, जे १९२२ साली स्थापन झालेले पूर्व आफ्रिकेतील सर्वांत जुने विद्यापीठ आहे, तीन आठवडे राहून नाचणीवरील रोगांविषयी तेथील संशोधकांशी विचारविनिमय करावयाचा आहे. नाचणी मूळची तिकडचीच. तेव्हा तिच्या रोगांची जुनी जाण तेथे मिळण्याचा संभव मोठा. ती अर्ज करावयास बसते आणि 'प्रवासाचा हेतू' या रकान्यापाशी अडते, कारण आपल्याकडील परदेश-प्रवासाच्या अनुदानांची घडण प्रायः परिषदेभोवती झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे प्रवास-अनुदान असो वा पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रवास-साहाय्य योजना असो, निबंध वाचावयाचा आहे, सत्राचे अध्यक्षपद आहे, बीजभाषण आहे किंवा अल्प मुदतीचे प्रशिक्षण आहे, असे दाखवावे लागे. निबंध स्वीकारल्याचे पत्र जोडावयाचे असते. आणि निबंध तर अद्याप लिहावयाचा आहे, किंबहुना तो ज्या प्रश्नावर लिहावयाचा तो प्रश्न ठरविण्यासाठीच जावयाचे आहे. त्यापुढे ना-हरकत दाखला, रजेची मंजुरी, परदेशगमनाची परवानगी, आगाऊ उचल, आणि परत आल्यावर विमानाच्या प्रवेशपत्रकांसह सादर करावयाचे देयक, हा क्रम आहेच. देयकाची शिस्त मला आवश्यक वाटते. सार्वजनिक पैशाचा हिशेब काटेकोरच असला पाहिजे. अडचण हिशेबात नाही, हेतूच्या रकान्यात आहे. पॅरिसच्या परिषदेत पंधरा मिनिटे निबंध वाचून येणाऱ्याची सोय या व्यवस्थेत होते, आणि कंपालात तीन आठवडे बसून वीस वर्षांच्या कामाचा पाया घालू पाहणारीची होत नाही.

भारताने आफ्रिकेसाठी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६४ पासून चालू असलेल्या 'आयटेक' कार्यक्रमाखाली हजारो आफ्रिकी अधिकारी व तंत्रज्ञ येथे शिकून गेले. २०१० साली आफ्रिकी संशोधकांसाठी सी. व्ही. रामन यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. २०१५ च्या दिल्लीतील भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांत ५०,००० शिष्यवृत्त्या देण्याची घोषणा झाली. २०२३ साली मद्रासच्या आयआयटीने झांझिबारला आपली शाखा उघडली. आणि पुण्यातील आफ्रिकी विद्यार्थी हे तर त्या शहराच्या शैक्षणिक जीवनाचे परिचित अंग आहे. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका-अध्ययन केंद्रही आहे. पण या सर्व योजनांची दिशा पाहिली तर बहुतेक ठिकाणी देणारे आपण आणि घेणारे ते, शिकविणारे आपण आणि शिकणारे ते, अशी विभागणी दिसते. दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीचा शोध घ्यावा, आणि त्यासाठी आपल्या माणसाने त्यांच्या दारी जावे, याला त्यात जागा थोडी आहे.

जेथे मोठे यंत्र मध्ये उभे असते तेथे ही जागा आपोआप होते. पुण्याचे 'आयुका' हे खगोलशास्त्र केंद्र दक्षिण आफ्रिकेतील सदरलँड येथील 'सॉल्ट' या महादुर्बिणीचे भागीदार आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण चालविणाऱ्या पुण्याच्याच संस्थेकडे 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' या जागतिक प्रकल्पातील भारताच्या सहभागाचे नेतृत्व आहे, त्यासाठी केंद्र शासनाने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि त्या प्रकल्पाच्या तबकड्या दक्षिण आफ्रिकेतच कारूच्या माळावर उभ्या राहत आहेत. पुण्याचा खगोलशास्त्रज्ञ केप टाउनला निघाला तर कोणी भुवया उंचावत नाही. इतिहास, भाषा, शेती, रोगनिदान, पाण्याचे अर्थशास्त्र या विषयांच्या अभ्यासकाजवळ असे यंत्र नसते. त्याची वाटखर्ची वेगळी काढून ठेवावी लागते.

ती कशी काढावी याचे एक चांगले प्रतिमान उपलब्ध आहे. अमेरिका व कॅनडातील विद्यापीठांत शिकविणाऱ्या, आफ्रिकेत जन्मलेल्या प्राध्यापकांसाठी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या निधीतून २०१३ साली जी अधिछात्रवृत्ती सुरू झाली, तिची मूळ कल्पना पॉल टियाम्बे झेलेझा या मलावी देशाच्या विद्वानाच्या अभ्यासातून निघाली होती. तीत मागणी प्रथम आफ्रिकेतील विद्यापीठ करते : आम्हांला अमुक विषयाचा अभ्यासक्रम उभारावयाचा आहे, अमुक संशोधनात जोडीदार हवा आहे. मग त्या मागणीला अनुरूप प्राध्यापक निवडला जातो आणि चौदा ते नव्वद दिवसांसाठी तिकडे पाठविला जातो. मागणीचा हा क्रम मला या योजनेचे मर्म वाटतो. आफ्रिकेतून नमुने उचलावयाचे, कीर्ती आपल्या नावे जमा करावयाची आणि तेथील सहकाऱ्याचे नाव निबंधाच्या शेवटी आभारात घालावयाचे, या जुन्या रीतीचा तेथील विद्यापीठांना योग्य तो तिटकारा आलेला आहे; २०२३ साली विंडहुक येथे आफ्रिकी विद्यापीठांच्या परिषदेत जी 'आफ्रिका सनद' जाहीर झाली तिचा सारांश हाच, की यापुढे प्रश्न ठरविण्यात आमचा बरोबरीचा हात असेल. हिंदुस्थानातील लोकांना परक्यांच्या अशा संशोधनाचा अनुभव पुरेपूर आहे. त्यामुळे ही सनद समजून घेण्यास आपल्याला आयास पडू नयेत.

दुसऱ्याही एका कारणाने हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. २०२५ साली 'यूएसएड' हे खाते अमेरिकन शासनाने मोडीत काढले. त्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठीय कृषि-प्रयोगशाळांचे करार तडकाफडकी रद्द झाले. आणि प्राध्यापकांना परदेशी अभ्यासासाठी पाठविणाऱ्या फुलब्राइट-हेज योजनेच्या त्या वर्षीच्या निवडीही थांबविण्यात आल्या. अनेक दशकांत जमलेली येजा अशी एकाएकी तुटली म्हणजे तिकडील शेतात अर्धवट राहिलेले प्रयोग वाळून जातात, आणि इकडील तरुण संशोधक दुसरा विषय धरतात. अमेरिकेची रक्कम आपल्या विद्यापीठांना भरून काढता येणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्वारी, बाजरी, नाचणी, टारफुला, चिकुनगुन्या हे विषय जितके सूदानचे आणि टांझानियाचे आहेत तितकेच आपले आहेत, आणि त्यांच्यापुरता भार उचलणे आपल्या आवाक्यात आहे.

महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकात आफ्रिकी संस्थांशी संशोधन-सहकार्य जुळविण्यासाठी प्रवासाची स्वतंत्र बाब घालावी, अशी माझी सूचना आहे. या बाबीखाली निबंध-स्वीकृतीचे पत्र मागू नये. तिकडील सहकाऱ्याने स्वतः लिहिलेले निमंत्रण, आणि दोघांनी मिळून लिहिलेले दोन पानांचे टिपण, एवढे पुरेसे मानावे. निम्मी रक्कम तिकडील अध्यापकांना इकडे आणण्यासाठी राखून ठेवावी, म्हणजे देणेघेणे बरोबरीचे राहील. पहिल्या खेपेहून परतल्यावर अहवाल अवश्य घ्यावा, पण फलिताचा आग्रह धरू नये. कारण माझ्या समजुतीप्रमाणे खरे सहकार्य दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत आकार घेते, आणि म्हणून एकदा जाऊन आलेल्याला पुन्हा अनुदान नाही, हा प्रवास-अनुदानांत सामान्यतः आढळणारा दंडक येथे उलटा करावा : जो एकदा जाऊन आला आणि ज्याला तिकडून पुन्हा बोलावणे आले, त्याचा हक्क पहिला मानावा. बियाणे, रक्ताचे नमुने किंवा हस्तलिखिते यांच्या ने-आणीस दोन्ही देशांच्या कायद्यांप्रमाणे ज्या परवानग्या लागतात, त्यांसाठी आंतरराष्ट्रीय कक्षात एक जाणता कर्मचारी नेमावा. एकट्या प्राध्यापकाने ते सर्व कागद हिंडून जमवावेत अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याचे अर्धे वर्ष वाया घालविणे होय. आणि महाविद्यालयांतील अध्यापकांना विद्यापीठ-विभागांतील अध्यापकांइतकाच येथे अधिकार असावा, कारण शेताशी आणि रुग्णालयाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे असे पुष्कळ लोक तालुक्याच्या महाविद्यालयांतच काम करीत आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात, आणि विद्यापीठाचे वार्षिक अंदाजपत्रक याच अधिसभेपुढे येते. हा अंक वाचणाऱ्यांत असे प्रतिनिधी असतील आणि त्यांना मत देणारे पदवीधर तर बहुसंख्येने असतील. येत्या मार्चच्या बैठकीत अंदाजपत्रक चर्चेला निघेल, तेव्हा आफ्रिकेच्या वाटखर्चीची बाब त्यात आहे काय हे पाहावे, आणि नसल्यास ती घालण्याची दुरुस्ती मांडावी, अशी त्यांना विनंती आहे.